घरचा कर्ता

एकत्र कुटुंबांत जन्म गेलेल्या आमच्या वाचकांस ‘कर्ता’ या शब्दाचा अर्थ सांगण्याचें कारण नाहीं. ज्याच्या नांवावर जमिनीचा उतारा, ज्याच्या उशाशीं पेटीची किल्ली, ज्याच्यावांचून पंगत बसत नाहीं आणि ज्याच्या होकारावांचून सोयरीक ठरत नाहीं, तो कर्ता. आम्हांला मात्र हा शब्द प्रथम भेटला तो व्याकरणांत. पाणिनीनें कर्त्याचें लक्षण सांगतांना एकाच गुणाचा निर्देश केला आहे, आणि तो म्हणजे स्वातंत्र्य. क्रिया सिद्धीस नेण्यासाठीं जो दुसऱ्या कोणाची वाट पाहत नाहीं, तो कर्ता. बाकीचीं कारकें त्याच्या मागून येणारीं. पुढें वय वाढलें, चार घरें जवळून पाहिलीं, आणि एक मौज ध्यानांत आली. व्याकरणांतला कर्ता जितका स्वतंत्र, तितका घरांतला कर्ता परतंत्र! भाऊबंद काय म्हणतील, उपाध्याय येईल कीं नाहीं, धाकट्यांचीं लग्नें अडतील काय, अशा शंभर दोऱ्यांनीं तो बांधलेला असतो. आणि ज्याला सगळे भितात तो स्वतः सगळ्यांना भीत असतो, हें त्याच्या घरांतल्या बायकांखेरीज कोणाला फारसें ठाऊक नसतें.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेला एक पुरुष या नियमास अपवाद ठरला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची थोरवी प्राच्यविद्येच्या पंडितांनीं पुष्कळ वर्णिली आहे, आणि ती नव्यानें वर्णावी एवढा आमचा अधिकार नाहीं. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें तें त्यांच्याच पुस्तकांच्या आधारानें, म्हणून ते आमचे परात्पर गुरु, एवढाच काय तो आमचा संबंध. परंतु आज आम्हांस त्यांच्याविषयीं लिहावयाचें आहे तें एका घरचे कर्ते म्हणून. त्यांच्या चरित्राचा हा भाग पंडितांच्या लेखांत दोन ओळींत उरकला जातो. आमच्या मतें सगळ्यांत कठीण परीक्षा त्यांनीं तेथेंच दिली.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं मालवण येथें झाला. त्या वेळीं मालवण रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला तो पुढें १९८१ सालीं. घराणें गौड सारस्वत ब्राह्मणाचें, वडील गोपाळराव महसूल खात्यांत कारकून. कारकुनाच्या संसाराचें सुख म्हणजे काय हें कोंकणांत कोणासही समजावून सांगावें लागत नाहीं. पगार बेताचा, बदली वरिष्ठांच्या हातीं, आणि मुलाला शिकवावयाचें तर ज्या गांवीं शाळा त्या गांवीं बदली होईपर्यंत थांबावयाचें. गोपाळरावांची बदली १८४७ सालीं रत्नागिरीस झाली. तेथें इंग्रजी शाळा होती, म्हणून मुलाचें इंग्रजी शिक्षण सुरू झालें. ती बदली झाली नसती तर मालवणच्या कचेरींत आणखी एक सुवाच्य अक्षराचा कारकून निर्माण झाला असता, आणि त्याबद्दल कोणी हळहळलेंही नसतें.

१८५३ सालीं हा पंधरा वर्षांचा मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें दाखल झाला. तेथें गणित शिकविण्यास दादाभाई नौरोजी होते. आश्चर्याची गोष्ट ही कीं, ज्यांच्या नांवाशिवाय पुढें आपल्याकडे संस्कृताचा उच्चारच होऊं नये अशी स्थिति आली, त्यांनीं संस्कृताचा खरा अभ्यास लहानपणीं केलेला नव्हता. शिक्षण खात्याचे प्रमुख हॉवर्ड यांनीं उत्तेजन दिलें, आणि वयाची विशी उलटल्यावर हे गृहस्थ शास्त्र्यांपुढें बसून व्याकरण घोकूं लागले. आमच्या वर्गांत दहाव्या वर्षीं शब्दरूपें चालविणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. विशींत नव्यानें अमरकोशाशीं झुंजणें ही निराळी गोष्ट आहे. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांचें नांव झळकलें. महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे त्यांचे सोबती. पुढल्याच वर्षीं ते एम्. ए. झाले.

त्यानंतर सिंध प्रांतांतील हैदराबाद येथें आणि मग रत्नागिरीस, जेथें स्वतः विद्यार्थी म्हणून बसले होते त्या गांवीं, ते हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. याच काळांत त्यांचीं दोन संस्कृत पाठ्यपुस्तकें तयार झालीं. ‘मार्गोपदेशिका’ १८६४ सालची आणि ‘मंदिरांतःप्रवेशिका’ १८६८ सालची. ज्यांनीं मुख्याध्यापकाची खुर्ची उबविली आहे त्यांनाच या गोष्टीचें मोल कळेल. दिवसभर हजेऱ्या, दाखले, शिक्षकांच्या रजा, पालकांच्या तक्रारी आणि तपासनीस साहेबांचीं पत्रें यांत मन इतकें शिणून जातें कीं, संध्याकाळीं लेखणी हातीं धरवत नाहीं. भांडारकरांनीं त्याच धबडग्यांत असें पुस्तक लिहिलें कीं, तें दीडशें वर्षें टिकलें. त्याची रचना किती शहाणपणाची! पूर्वीं मुलगा बारा वर्षें सूत्रें पाठ करी आणि मग कधीं तरी वाक्य बोले. या पुस्तकांत पहिल्याच धड्याला वर्तमानकाळाचीं रूपें आणि लगेच भाषांतरास वाक्यें. मुलाला पहिल्या दिवशींच वाटतें कीं, आपल्याला संस्कृत येऊं लागलें. पुष्कळदां तें खरें नसतें. पण त्या समजुतीवर पोर दुसऱ्या दिवशीं पुन्हां वर्गांत येतें, हें आम्हीं पस्तीस वर्षें पाहिलें आहे.

त्यांच्या नोकरींत अपमानाचा प्रसंगही आला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृताचे प्राध्यापक म्हणून त्यांनीं कांहीं वर्षें हंगामी काम केलें. जागा कायम भरण्याची वेळ आली तेव्हां १८७३ च्या सुमारास ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांस मिळाली आणि भांडारकर त्यांच्या हाताखालीं राहिले. एरवीं एवढ्यावरून माणूस जन्मभर कडू होतो. घरीं येऊन बायकोपोरांवर राग काढतो. भांडारकरांनीं त्या वर्षांत केलें काय, तर काम! १८७२ सालीं त्यांनीं पतंजलीच्या काळाविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला तो आम्हां व्याकरणाच्या मास्तरांना विशेष प्रिय आहे. महाभाष्यांत पतंजलि पुष्यमित्राच्या यज्ञाचें उदाहरण वर्तमानकाळांत देतो, आणि यवनांनीं साकेताला वेढा घातल्याचें उदाहरण अनद्यतन भूतकाळांत देतो. तो भूतकाळ कोणत्या घटनेस लावावा? जी लोकांना ठाऊक आहे, बोलणाऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं, परंतु पाहूं शकला असता, अशा घटनेस. एवढ्या धाग्यावरून त्यांनीं पतंजलीस ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याशीं नेऊन बसविलें. क्रियापदाच्या एका प्रत्ययांतून इतिहास काढण्याची ही हातोटी पाहून आमच्या वर्गांतलीं व्रात्य पोरेंही क्षणभर गप्प बसत.

पुढें १८८२ च्या सुमारास ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत कीलहॉर्न यांच्या जागीं आले, आणि १८९३ सालीं निवृत्त होईपर्यंत तेथेंच राहिले. दक्षिणेचा प्राचीन इतिहास १८८४ सालीं बाहेर पडला, गटिंगेन विद्यापीठानें १८८५ सालीं डॉक्टर ही पदवी दिली, १८८६ सालीं ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस जाऊन आले. हस्तलिखित पोथ्यांच्या शोधासाठीं गुजराथ-राजपुतान्यापर्यंत भटकंती झाली ती वेगळीच. परदेशगमनाचा त्या काळीं केवढा बाऊ होता हें वाचकांस सांगावयास नको. निवृत्तीनंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. मानाच्या गोष्टी येथेंच संपवितों. त्या मोजण्यांत आम्हांला गोडी नाहीं.

आतां आम्हांस जरा आडवळणानें आमच्या घरीं जावें लागतें. वाचकांनीं क्षमा करावी, पण त्याशिवाय पुढची गोष्ट सांगतां येणार नाहीं.

आमचे आजोबा याच किनाऱ्यावरचे, जन्मानें भांडारकरांहून दोन पिढ्यांनीं धाकटे. कष्टाळू म्हणजे किती? पहांटे चारला उठून रहाटावर पाणी काढीत आणि माडांच्या आळ्यांत सोडीत. मग स्नान, शाळिग्रामाची पूजा, रुद्राचें आवर्तन; मग शेतावर, आणि तिसऱ्या प्रहरीं गांवांतल्या पांच-सात मुलांना पडवींत बसवून फुकट संस्कृत शिकविणें. घरांत माणसें एकोणीस, त्यांत तीन भावांचीं मुलें. भात कमी पिकलें त्या वर्षीं त्यांनीं स्वतः रात्रीची पेज सोडली आणि ‘आतां वयाला सोसत नाहीं’ असें कारण सांगितलें. तें कारण खोटें होतें हें आजीला ठाऊक होतें आणि तिनेंही ताट वाढून ठेवणें सोडलें नाहीं. आम्ही दहा वर्षांचे होतों तेव्हां ते वारले. गांवांतले सर्व जातींचे लोक स्मशानापर्यंत आले होते, एवढें आम्हांला स्पष्ट आठवतें. त्यांची ‘मार्गोपदेशिका’ देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, गीतेच्या पोथीशेजारीं असे. ती घेण्यापूर्वीं हात धुवावे लागत.

या आजोबांची थोरली मुलगी, म्हणजे आमची आत्या, दहाव्या वर्षीं सासरीं गेली आणि तेराव्या वर्षीं परत आली. सारडा कायद्याच्या अलीकडची-पलीकडचीं तीं वर्षें. आजोबांनीं केशवपन होऊं दिलें नाहीं, आणि त्यासाठीं उपाध्यायाशीं भांडण पत्करलें. गांवानें तेंच फार मोठें धैर्य मानलें. त्यानंतर दोन वर्षांनीं वेंगुर्ल्याकडच्या एका शिक्षकानें मध्यस्थामार्फत मागणी घातली. मुलगा सुशिक्षित, बिजवर नव्हे, निर्व्यसनी. आजोबा त्या रात्रीं अंगणांत येरझारा घालीत होते असें आजी सांगत असे. पहांटे त्यांनीं नेहमींप्रमाणें रहाट चालविला, पूजा केली, आणि मध्यस्थास नकार कळविला. घरांत लग्नाच्या आणखी दोन मुली होत्या, आणि भावांच्या तीन. एकीचें घर बसवावें तर पांचींचीं बसणार नाहींत, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब चुकीचा होता असें आम्हांला म्हणवत नाहीं. त्या काळीं त्या गांवीं तसेंच झालें असतें. आत्या पुढें पन्नासाहून अधिक वर्षें त्या घरांत राहिली. दळण, कांडण, बाळंतपणें, लोणचीं, सांडगे, दुखणेकऱ्यांचीं उशागतीं, सगळें तिनें केलें. आजोबा पडवींत शिकवीत तेव्हां ती माजघराच्या दाराआड तांदूळ निवडीत बसे आणि ऐकूनच तिला शब्द-धातु पाठ झाले. एखादा मुलगा षष्ठीच्या जागीं चतुर्थी म्हणाला कीं आंतून सुपाचा आवाज थांबे. आजोबा हंसत आणि मुलाला म्हणत, ‘बघ, सूप थांबलें, पुन्हां म्हण.’ आमचें पहिलें संस्कृत आम्हीं तिच्यापाशींच शिकलों. देव्हाऱ्यावरचें तें पुस्तक ज्यानें लिहिलें त्यानें स्वतःच्या विधवा मुलीचें लग्न लावून दिलें होतें, ही गोष्ट घरांत मोठ्यांपैकीं कोणाला ठाऊक नव्हती असें नाहीं. ती बोलली मात्र कधीं गेली नाहीं. आम्हीं ती चरित्रांत वाचली तेव्हां आम्ही नोकरीस लागलों होतों, आणि आत्या हयात होती. आम्हीं तिला ती वाचून दाखविली. ऐकून ती इतकेंच म्हणाली, ‘मला माहीत आहे. बाबांनींच एकदां सांगितलें होतें.’ आजोबांनीं तिला तें केव्हां सांगितलें असेल, आणि कां, हें विचारण्याचें आमचें धैर्य झालें नाहीं.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला. कायदा झाला म्हणून विवाह होत नसतात. त्या पिढीचे सर्वांत मोठे पुरुष न्यायमूर्ति रानडे. विधवाविवाहाच्या चळवळीचे ते आधारस्तंभ. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी वारली. वय एकतीस. सर्व सुधारकांचे डोळे त्यांच्याकडे लागले. परंतु त्यांचे वडील, म्हणजे त्या घरचे कर्ते, यांनीं महिन्या-दोन महिन्यांच्या आंत अकरा वर्षांच्या मुलीशीं त्यांचें लग्न ठरविलें आणि रानड्यांनीं पितृवचन मोडलें नाहीं. त्या रमाबाईंनीं पुढें आपल्या आठवणींच्या पुस्तकांत हा सगळा प्रकार किती शांतपणें सांगितला आहे! रानड्यांना दोष देणें सोपें आहे; आम्ही देणार नाहीं. ज्यानें एकत्र कुटुंबांत बापाच्या डोळ्यांत पाणी पाहिलें आहे त्याला कळेल कीं, तेथें तर्क चालत नाहीं. पण एवढें खरें कीं, व्यासपीठावरचा पुरुष आणि पाटावरचा पुरुष यांत अंतर पडलें, आणि तें अंतर विरोधकांनीं वर्षानुवर्षें मोजून दाखविलें.

भांडारकरांची पाळी १८९१ सालीं आली. तें वर्ष पुण्यांत मोठ्या वादळाचें होतें. संमतिवयाचें बिल पुढें आलेलें; मुलीच्या संमतीची वयोमर्यादा दहांवरून बारांवर न्यावयाची, एवढाच त्यांत विषय. आज वाचतांना अंगावर कांटा येतो कीं, या बारा आंकड्यासाठीं सभा उधळल्या गेल्या आणि मित्र मित्रांस दुरावले. टिळक विरोधांत उभे राहिले. त्यांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारानें धर्मांत हात घालण्यास होता. शास्त्राची बाजू मात्र कोणी तरी शास्त्रानेंच सांगावयास हवी होती, आणि ती भांडारकरांनीं सांगितली. गर्भाधान अमुक वेळींच झालें पाहिजे असें शास्त्राचें अटळ बंधन नाहीं, असें त्यांनीं ग्रंथाधारें दाखविलें. गृह्यसूत्रांत विवाहानंतर तीन रात्रीं ब्रह्मचर्य पाळण्यास सांगितलें आहे. नवरी अजाण बालिका असती तर असा नियम सांगण्याचें प्रयोजनच काय? म्हणजे प्राचीन काळीं वधू जाणत्या वयाची असे. युक्तिवाद साधा आहे. आमच्यासारख्या सूत्रें पाठ केलेल्यांपुढें तीं वचनें शतकानुशतकें होतीं, आणि कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

बिल मार्च १८९१ मध्यें मंजूर झालें. आणि त्याच वर्षीं भांडारकरांनीं आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला.

येथें आम्हांला क्षणभर थांबावेंसें वाटतें. चोपन्नाव्या वर्षीं, डेक्कन कॉलेजांतील प्रतिष्ठेच्या शिखरावर असतां, मुलें-बाळें, सुना, नातेवाईक असा सगळा पसारा भोंवतीं असतां, या पुरुषानें तें केलें. ज्ञातींत विरोध झाला, आप्तांनीं विरोध केला, आणि ज्यांच्यासह इतकीं वर्षें सुधारणेच्या गोष्टी केल्या अशा मित्रांपैकींही कांहींजण मागें सरले. घरांतला विरोध कसा असतो हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांत आरडाओरड नसते. कोणी जेवत नाहीं, कोणी बोलत नाहीं, देवघरांतली समई कोणी तरी न सांगतां लवकर मालवितें, आणि कर्त्याला सबंध घर परकें वाटूं लागतें. लिहिण्यांत, बोलण्यांत धैर्य दाखविणारे पुष्कळ झाले. या मुक्या बहिष्कारांत आठ दिवस टिकणारे थोडे. पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला तेव्हां त्यांच्या मुरूड गांवानें बहिष्कार घातला. कर्वे स्वतः वर होते. त्यांनीं आपलें सुखदुःख आपल्या हातीं घेतलें. बापाचें काम याहून अवघड, असें आम्हांला वाटतें. बापानें होकार दिला नाहीं तरी कोणी त्याला नांवें ठेवीत नाहीं. उलट ‘कुळाची लाज राखली’ असें म्हणतात, आणि मुलगी दाराआड तांदूळ निवडीत बसते.

विरोधकांचा एक आवडता वाद असा असे कीं, हे सुधारक म्हणजे इंग्रजी शिकून देवधर्म सोडलेले लोक. भांडारकरांपुढें तो वाद लटका पडे. ते १८६९ पासून प्रार्थनासमाजांत होते. विद्यार्थिदशेंत मुंबईच्या परमहंस सभेशीं त्यांचा संबंध आला होता. पण गुप्तपणें जेवून जातिभेद मोडण्यांत त्यांचें मन फार काळ रमलें नसावें. त्यांची भक्ति उघडी होती. उपनिषदें, गीता आणि तुकोबांचे अभंग हा त्यांच्या उपासनेचा गाभा, आणि समाजाच्या उपासनेंत त्यांनीं वर्षानुवर्षें प्रवचनें केलीं. मूर्तिपूजेविषयीं त्यांचें-आमचें जमणार नाहीं. आमच्या घरीं शाळिग्राम आहे आणि राहील. परंतु परमेश्वरावर भाव ठेवणारा माणूस ओळखूं येतो. वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ सालचा, म्हणजे वयाच्या शहात्तराव्या वर्षाचा. त्याची मांडणी इतिहासकाराची आहे, कोरडी आहे, पण भागवत धर्माच्या प्रकरणांत लेखणी जरा हळू चालते असें आम्हांला वाचतांना नेहमीं जाणवतें.

मुलांच्या बाबतींत ते भाग्यवान ठरले. श्रीधरपंत संस्कृताचे प्राध्यापक झाले आणि बापासारखेच पोथ्यांच्या शोधांत राजपुताना फिरले. प्रभाकरपंत वैद्यकीकडे गेले. देवदत्तपंतांनीं पुराणवस्तु खात्यांत नांव मिळविलें, आणि १९१७ पासून जवळजवळ वीस वर्षें कलकत्ता विद्यापीठांत प्राचीन इतिहासाचे कार्मायकेल प्राध्यापक म्हणून काम केलें. एवढ्या वटवृक्षाखालीं दुसरें झाड वाढत नाहीं म्हणतात. या घरांत वाढलें. मुली आणि नाती यांनाही शिक्षण मिळालें. १८८४ सालीं पुण्यास मुलींचें हायस्कूल, तेंच आजचें हुजुरपागा, सुरू झालें तेव्हां रानडे व मोडक यांच्याबरोबर भांडारकर होतेच. कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी काढली तिचे अध्यक्ष भांडारकर, आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें त्याचे पहिले कुलपतीही भांडारकर. नांवाला अध्यक्ष पुष्कळ मिळतात. कर्व्यांना जें हवें होतें तें असें नांव, कीं ज्याला ‘तुमच्या घरीं काय केलेंत?’ असें कोणी विचारूं शकणार नाहीं.

त्यांचें सगळेंच आम्हांस पटतें असें वाचकांनीं समजूं नये. इंग्रज सरकारच्या हेतूंवर त्यांचा विश्वास फार होता. १९०४ सालच्या विद्यापीठ कायद्याच्या वेळीं कायदेमंडळांत गोखले विरोधांत बोलत होते आणि भांडारकर सरकारच्या बाजूस होते. आमच्या मतें त्या वादांत गोखल्यांची बाजू बळकट होती. पूर्वजांच्या गुणगानानें हुरळून जाणाऱ्या तरुणांना ते फटकारीत, तें कधीं कधीं गरजेपेक्षां कठोर वाटे. पुण्यांत त्यांच्यावर टीका करणारे थोडे नव्हते, आणि ते सगळे कांहीं दुष्ट नव्हते. १९१२ सालीं विठ्ठल रामजी शिंदे यांनीं पुण्यास अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरविली, तिचें अध्यक्षपद या पंचाहत्तर वर्षांच्या वृद्धानें स्वीकारलें. पुण्यांतल्या पुष्कळ ब्राह्मण घरांत त्यावरही नाकें मुरडलीं गेलीं.

शेवटचीं वर्षें पुण्यास संगमाश्रमांत गेलीं. ६ जुलै १९१७ रोजीं, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें आणि त्यांनीं जन्मभर जमविलेला ग्रंथसंग्रह त्या मंदिरास दिला. आमच्याकडे म्हाताऱ्यांचें एक असतें, कीं पेटीची किल्ली शेवटच्या घटकेपर्यंत जानव्याला बांधलेली. विद्वानांचें पुस्तकांच्या बाबतींत तसेंच होतें. एकेका पुस्तकावर बारीक अक्षरांत टिपणें, एकेकाशीं आयुष्यांतल्या एकेका वर्षाची आठवण. चालत्या-बोलत्या अवस्थेंत सगळा संग्रह हातावेगळा करणें आम्हांस तरी जमेलसें वाटत नाहीं. आमचीं दोन कपाटेंच आहेत, तरीही!

१ एप्रिल १९१९ रोजीं त्याच मंदिरांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा आरंभ झाला. मंगलश्लोक लिहिण्याचा मान भांडारकरांस मिळाला. वय एक्याऐंशी. देशभरच्या पोथ्या जमवावयाच्या, ओळीला ओळ लावून पाठभेद टिपावयाचे आणि त्यांतून शुद्ध संहिता सिद्ध करावयाची, असा तो संकल्प. तो आपल्या डोळ्यांदेखत पुरा होणार नाहीं हें त्या वयाच्या माणसाला कळत नव्हतें असें कसें म्हणावें? सहा वर्षांनीं, २४ ऑगस्ट १९२५ रोजीं, ऋषिपंचमीच्या दिवशीं ते वारले. आपल्या घरांतल्या बायका त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें न खातां उपास करतात आणि सप्तर्षींबरोबर अरुंधतीची पूजा करतात. संस्थेंत त्यांचें पुण्यस्मरण अजून ऋषिपंचमीसच होतें.

त्याच १९२५ सालीं विष्णु सीताराम सुकथनकर महाभारताचे प्रमुख संपादक झाले, आणि १९४३ सालीं काम अर्धवट असतांच तेही गेले. त्यांच्यामागून इतर आले. १,२५९ हस्तलिखितें पाहून, एकोणीस खंडांत, ती आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत तिचे पहिले दोन खंड होते. सुटी लागली म्हणजे आम्ही ते घरीं नेत असूं. प्रत्येक पानाच्या खालीं पाठभेदांची बारीक दाटी. वर श्लोक चार-पांच आणि खालीं पाऊण पान टीपा. आत्येला एकदां तीं पानें दाखविलीं. तिनें चष्मा पुसला, बराच वेळ खालच्या बारीक अक्षरावरून बोट फिरविलें, आणि विचारलें, ‘एवढें निवडायला किती माणसें बसलीं होतीं रे?’